शिलोची रात्र, शिलोची सकाळ

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय ख्रिस्ती घरांत लहानपणापासून कानावर असतो. संडे स्कूलमध्ये तो सांगतात, धर्मशिक्षणाच्या वर्गात त्याची नाटुकली बसवतात. कुणी मुलगा सेमिनरीत किंवा मुलगी मठात निघाली की पाचारणावरच्या प्रवचनात शमुवेलाचे नाव हमखास येते. एवढ्या परिचयामुळे त्याचे नुकसानही झाले आहे. त्यातला गोड भाग तेवढा आपण घेतो: झोपलेला मुलगा, अंधारातली हाक, निरागस उत्तर. खरे तर हा अध्याय फार कठोर आहे, आणि त्याचे सौंदर्य त्या कठोरपणात आहे. सावकाश वाचला तर दिसते की हाक मुलाला येते, पण ती ओळखतो एक म्हातारा. त्या दोघांत अवघड काम म्हाताऱ्याच्या वाट्याला आले आहे.

शिलो हे एफ्राइमच्या डोंगराळ मुलखातले, बेथेलच्या उत्तरेचे ठिकाण. यरुशलेमचे मंदिर अजून बांधले जायचे होते. देवाचा कोश शिलोत होता, म्हणून वर्षाच्या यज्ञासाठी माणसे तिथे येत. अशाच एका वर्षी हन्ना आली, मूल नाही म्हणून मनातल्या मनात रडत, प्रार्थना करत. तिचे ओठ हलत होते, आवाज फुटत नव्हता. दाराच्या चौकटीपाशी आसनावर बसलेल्या एली याजकाने ते पाहिले आणि ही बाई प्यायली आहे असे ठरवून तिला फटकारले. हा पहिला अध्याय. तिसऱ्या अध्यायात कथाकार सांगतो की एलीची दृष्टी मंदावली आहे, त्याला दिसेनासे झाले आहे. हे दोन तपशील शेजारी ठेवून वाचावेत. डोळे शाबूत असताना याच माणसाला समोर चाललेली प्रार्थना कळली नव्हती. डोळे गेल्यावर, स्वतःच्या कानाला ऐकूही न आलेली हाक त्याने ओळखली. कथाकार यावर एक शब्दही बोलत नाही. तो दोन्ही प्रसंग आपल्यापुढे ठेवतो आणि पुढे जातो. जुन्या हिब्रू कथनाची ही ताकद मला फार मोठी वाटते.

अध्यायाच्या पहिल्याच वचनात काळ सांगितला आहे. त्या दिवसांत देवाचा शब्द दुर्मीळ झाला होता, दर्शने क्वचित होत. का, हे तिथे सांगितलेले नाही, पण दुसरा अध्याय नुकताच वाचून झालेला असतो. एलीचे मुलगे हफनी आणि फिनहास याजक होते. यज्ञाचे मांस शिजत असताना त्यांचा चाकर तीन दातांचा काटा घेऊन यायचा, भांड्यात खुपसायचा आणि वर येईल ते घेऊन जायचा. चरबीचा होम होण्याआधीच कच्चे मांस मागायचा, आणि भाविक कुरकुरला तर जबरदस्तीने घेईन म्हणायचा. दर्शनमंडपाच्या दारापाशी सेवा करणाऱ्या स्त्रियांशी या दोघांचे वागणे त्याहून वाईट होते. एलीने त्यांना बोल लावले, पण पदावरून दूर केले नाही. आणि हे सगळे सांगत असताना कथाकार मधूनमधून मुलाकडे वळतो: तागाचे एफोद घातलेला शमुवेल देवापुढे वाढत होता, आणि त्याची आई दर वर्षी लहानसा झगा शिवून आणत होती. वर्षातून एकदा दिसणाऱ्या मुलाचे माप हन्ना कशी धरत असेल? यंदा किती वाढला असेल, याचा अंदाज बांधूनच कापड बेतत असेल ना? त्या काट्याच्या आणि या झग्याच्या मधोमध तिसरा अध्याय उभा आहे.

मग रात्र. एली आपल्या जागी निजलेला, मुलगा कोशाजवळ निजलेला, आणि देवाचा दीप अजून विझलेला नव्हता. या दिव्यावर रूपक म्हणून पुष्कळ लिहिले गेले आहे. मी तो आधी वेळ सांगणारा तपशील म्हणून वाचते. नियमशास्त्राप्रमाणे जैतुनाच्या शुद्ध तेलाचा दीप संध्याकाळपासून सकाळपर्यंत तेवत ठेवायचा असे. तो अजून जळतो आहे म्हणजे उजाडलेले नाही. झोप सगळ्यांत गाढ असते ती ही वेळ.

हाक येते, आणि शमुवेल धावत एलीकडे जातो. एलीच का? त्या घरात रात्री अपरात्री हाक मारणारे दुसरे होते तरी कोण? दिसत नसलेल्या म्हाताऱ्याला पाणी लागत असेल, उठायला हात लागत असेल. मुलाला ती सवय असावी. देवाचा आवाज त्याला एलीच्या आवाजासारखा वाटला, ही या कथेतली मला सर्वांत मोलाची गोष्ट वाटते. सीनाय पर्वतावरचा गडगडाट इथे नाही, मोशेने पाहिलेले जळते झुडूपही नाही. जो आवाज आपण रोज ऐकतो, ज्याच्यासाठी आपण रोज उठतो, तशाच आवाजात देव बोलतो आणि म्हणून तो ओळखू येत नाही. पाचारणाची वाट पाहणाऱ्या तरुणांना मी नेहमी हे सांगते. काहीतरी विलक्षण घडेल म्हणून थांबून राहिलेल्यांच्या हातून साधी हाक निसटते. आजारी आईची हाक, वर्गातल्या मागे पडलेल्या मुलाची हाक, शेजारच्या एकट्या बाईची हाक. शमुवेल त्या रात्री तीन वेळा चुकीच्या माणसाकडे गेला, आणि तिन्ही वेळा त्याचे पाऊल योग्य होते, कारण तो सेवेसाठी उठला होता. पांघरूण डोक्यावर ओढून घेणारा मुलगा असता तर चौथी हाक आली असती का, मला शंका आहे.

सातव्या वचनात कथाकार गोष्ट थांबवून एक वाक्य मध्येच घालतो: शमुवेलाला अजून परमेश्वराची ओळख झालेली नव्हती. हे वाक्य चर्चमध्ये काम करणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला वाचून दाखवावे. हा मुलगा देवाच्या घरात राहतो, देवाचे वस्त्र घालतो, कोशाच्या शेजारी झोपतो, आणि तरी त्याची देवाशी ओळख नाही. गायकवृंदात वर्षानुवर्षे गाणारे, वेदीवर सेवा करणारे, मंडळीचे हिशोब सांभाळणारे आपण सगळे या वाक्यात येतो. कथाकार मात्र मुलाला दोष देत नाही. ‘अजून’ झालेली नव्हती, एवढेच तो म्हणतो. तो एक शब्द धीर देणारा आहे.

या दृश्याचे एक चित्र घराघरांत पोचले आहे: गुडघे टेकलेला, हात जोडलेला, वरून येणाऱ्या उजेडाकडे पाहणारा गोरा मुलगा. अठराव्या शतकातले इंग्रज चित्रकार जोशुआ रेनॉल्ड्स यांचे ते चित्र. चित्र म्हणून ते सुंदर आहे, पण उताऱ्यात शमुवेल गुडघे टेकत नाही. तो आडवा होतो, उठतो, धावतो, परत आडवा होतो. शेवटचे उत्तरही तो बिछान्यावरूनच देतो. पहिल्या शतकातला यहुदी इतिहासकार जोसेफस त्याचे वय 12 सांगतो. बायबलमध्ये वय नाही. मला तो झोप मोडलेला, केस विस्कटलेला, जरा गोंधळलेला मुलगाच दिसतो, आणि तसाच तो आपल्या जवळचा आहे.

आता एली. पहिल्या दोन खेपांना तो मुलाला परत पाठवतो. मी हाक मारली नाही, जाऊन नीज. दुसऱ्या खेपेला तो त्याला बाळा म्हणतो. झोप मोडली तरी आवाजात चीड नाही. यासाठी काही वाचक एलीला मंद ठरवतात. मला तसे वाटत नाही. परत जाऊन नीज, हाही हाक पारखण्याचाच एक भाग आहे. खरी हाक असेल तर ती पुन्हा येते. मदर तेरेसांना दार्जिलिंगच्या आगगाडीत 10 सप्टेंबर 1946 रोजी गरिबांत जाऊन राहण्याची हाक आली. तेव्हा त्या लोरेटोच्या मठात होत्या, कोलकात्याच्या एन्टाली भागातल्या शाळेत शिकवत होत्या. दुसऱ्या दिवशी त्या रस्त्यावर उतरल्या नाहीत. कोलकात्याचे आर्चबिशप फर्दिनांद पेरिये यांनी त्यांना थांबायला सांगितले, पारखून घेतले, आणि रोमची परवानगी आल्यावर ऑगस्ट 1948 मध्ये त्या मठाबाहेर पडल्या. मधल्या जवळजवळ दोन वर्षांत ती हाक विझली नाही. थांबायला सांगणारा माणूस नेहमीच हाकेचा शत्रू असतो असे नाही.

तिसऱ्या खेपेला एलीच्या ध्यानात येते. हे वाक्य मूळ कथनात फार आखूड आहे, आणि एवढ्याशा जागेत केवढे घडते! याजक तो, कोश त्याच्या ताब्यात, 40 वर्षे इस्राएलाचा न्याय करणारा तो, आणि देव त्याला ओलांडून त्याच्या हाताखालच्या पोराला हाक मारतो आहे. शिवाय त्याच्या घराण्याविषयीचा कठोर निरोप एक देवमाणूस आधीच देऊन गेला होता. तेव्हा देव आता बोलणार असेल तर काय बोलेल, याची धास्ती एलीला नसेल असे मानणे कठीण आहे. तो गप्प राहू शकला असता. स्वप्न पडले असेल म्हणू शकला असता. मुलाला आपल्याजवळ झोपवून घेऊ शकला असता. त्याने यातले काही केले नाही. पुन्हा हाक आली तर काय म्हणायचे, ते शब्द त्याने मुलाला दिले: परमेश्वराचे नाव घे, बोल म्हण, तुझा सेवक ऐकतो आहे असे सांग. आणि त्याला एकट्याला परत पाठवले. स्वतः मागोमाग गेला नाही, दाराआड उभा राहिला नाही.

स्वतःच्या विरुद्ध जाऊ शकणारा निकाल ऐकायला एली एका मुलाला शिकवतो. गुरुपणाचे याहून मोठे उदाहरण मला जुन्या करारात सापडत नाही. ज्याने मुलगे वाया जाऊ दिले, त्याच माणसाने हे केले. माणूस एका बाजूने पार हरलेला असतो आणि दुसऱ्या बाजूने देवाच्या उपयोगी पडतो, हे कथाकाराला ठाऊक आहे, म्हणून तो एलीला खलनायक करत नाही.

चौथ्या वेळी परमेश्वर येऊन उभा राहतो आणि नाव दोनदा घेतो. शमुवेल शिकवलेले उत्तर देतो, पण त्यात एक गोष्ट गाळतो. एलीने परमेश्वराचे नाव घ्यायला सांगितले होते, शमुवेल ते घेत नाही. नुसते बोल म्हणतो. हे विसरणे आहे, भीती आहे की सावधपणा, यावर भाष्यकारांत मतभेद आहेत. माझे मत असे की त्याला अजून खात्री नाही. कोण आहे ते माहीत नाही, त्या नावाने हाक मारायचे धाडस होत नाही, पण ऐकतो आहे हे तो कबूल करतो. पूर्ण खात्रीशिवायही उत्तर देता येते, आणि देव ते स्वीकारतो. श्रद्धेची सुरुवात पुष्कळांची अशीच, थोड्या कमी शब्दांत झालेली असते.

आणि इथे आपले वाचन थांबते. कॅथलिक उपासनेत तीन वर्षांच्या वाचनचक्रातल्या ‘ब’ वर्षी, सामान्य काळातल्या दुसऱ्या रविवारी हा उतारा येतो, तो तिसऱ्या वचनाच्या उत्तरार्धापासून दहाव्या वचनापर्यंत. मग एकदम एकोणिसावे वचन, शमुवेल वाढला आणि देव त्याच्याबरोबर होता. मधली आठ वचने गाळलेली असतात. अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांच्या वाचनक्रमात हा भाग कंसात, ऐच्छिक म्हणून ठेवला आहे. उपासनेला वेळेची मर्यादा असते हे मान्य. तरी ही कात्री मला सलते. ‘बोल’ म्हटल्यावर देव काय बोलला, तेच वगळले तर पाचारण ही नुसती मंगल भावना उरते.

देव बोलला ते असे: ऐकणाऱ्याच्या दोन्ही कानांत भणभण व्हावी असे काही मी करणार आहे. एलीच्या घराण्याचा न्याय होईल, कारण मुलांचे पाप ठाऊक असून त्याने त्यांना आवरले नाही. यज्ञाने किंवा अर्पणाने या पापाची भरपाई होणार नाही. आयुष्यातला पहिला दैवी शब्द म्हणून एका मुलाच्या पदरात हे पडले. ज्याने वाढवले, नुकतेच बाळा म्हटले, उत्तर शिकवले, त्याच्याविषयी हे.

शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला. झोपला असे म्हटलेले नाही. मग उठून त्याने परमेश्वराच्या घराची दारे उघडली. हा तपशील मला थांबवतो. जग उलटेपालटे झाल्यावरही सकाळचे काम चुकले नाही. दारे उघडायची होती, ती उघडली. कदाचित थोडा वेळ लांबवायचाही असेल, कारण पुढचेच वाक्य सांगते की एलीला सांगायची त्याला भीती वाटत होती.

तेवढ्यात एली हाक मारतो. आता खरोखर एलीच. आणि शमुवेल तेच उत्तर देतो, जे रात्री तीनदा चुकीच्या जागी दिले होते: मी आलो आहे. रात्रभर देवाच्या हाकेला तो एलीची हाक समजला. सकाळी एलीची हाक हीच देवाला उत्तर देण्याची जागा झाली. बिछान्यावरून बोल म्हणणे सोपे होते. प्रतिसाद खरा द्यायचा होता तो या म्हाताऱ्यासमोर उभे राहून, त्याच्या निस्तेज डोळ्यांत पाहून. एली त्याला शपथ घालतो, काही लपवू नकोस म्हणतो. मुलगा सगळे सांगतो, काहीएक राखून ठेवत नाही. त्याची संदेष्टेपणाची परीक्षा पहिल्याच सकाळी झाली, आणि ती प्रिय माणसाला अप्रिय सत्य सांगण्याची होती.

एली ऐकतो आणि म्हणतो की तो परमेश्वर आहे, त्याला बरे वाटेल ते तो करो. ही शरणागती की हात टेकणे? मी अनेकदा या वाक्यापाशी अडले आहे. त्या दिवशीही मुलांना याजकपदावरून उतरवता आले असते, ते त्याने केले नाही. म्हणून या वाक्यात थकवा आहे. पण सांगणाऱ्या मुलावर तो रागावला नाही, निरोप खोटा म्हणाला नाही, स्वतःचा बचाव केला नाही. म्हणून त्यात श्रद्धाही आहे. दोन्ही खरे मानल्याशिवाय हा माणूस कळत नाही.

उत्तराची किंमत जवळच्यांना मोजावी लागते, हे आपल्याकडे लक्ष्मीबाई टिळकांइतके स्वच्छ कुणी लिहिलेले नाही. 1893 साली रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला. डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरले आणि 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. टिळकांची रात्र ती होती. लक्ष्मीबाईंच्या वाट्याला सकाळ आली: ताटातूट, नातलगांचा आकांत, लहान मूल पदरात. ‘स्मृतिचित्रे’ वाचताना मला वाटते की त्यांनी नवऱ्याची हाक आपली म्हणून उचलली नाही, हे त्यांचे मोठेपण. सोवळेओवळे त्यांच्या मनातून आधी गळले, बाप्तिस्मा काही वर्षांनी, 1900 मध्ये आला. हाक ज्याची त्याला यावी लागते. टिळकांनाही ते मान्य करून थांबावे लागले.

एकदा ऐकले म्हणजे कान कायमचे तयार झाले, असेही हे पुस्तक म्हणत नाही. म्हातारपणी शमुवेलाने आपले मुलगे योएल आणि अबीया यांना बैर-शेबात न्यायाधीश केले, आणि ते लाच खाऊ लागले. लहानपणी ज्या पापाचा निकाल त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितला होता, तेच त्याच्या दारात आले. पुढे बेथलेहेमात इशायाचा थोरला मुलगा अलीयाब पाहून हाच अभिषिक्त असे त्याला वाटले, आणि देवाने त्याला थांबवले: माणूस रूप पाहतो, देव हृदय पाहतो. इतक्या वर्षांनीही शमुवेल आधी चुकतो, मग ऐकतो. त्यामुळेच मला तो विश्वासार्ह वाटतो.

एलीचा शेवट चौथ्या अध्यायात आहे. पलिष्ट्यांशी लढाई झाली, देवाचा कोशही रणात नेलेला होता. 98 वर्षांचा आंधळा एली रस्त्याकडेला आसनावर बसून वाट पाहत होता. पळून आलेल्या माणसाने बातम्या क्रमाने सांगितल्या: इस्राएल पळाले, मोठी कत्तल झाली, तुझे दोन्ही मुलगे मेले, देवाचा कोश शत्रूने नेला. मुलांचे ऐकेपर्यंत तो बसलेला होता. कोशाचा उल्लेख होताच तो मागे कोसळला आणि मान मोडून मेला. मुलांना आवरू न शकलेल्या या बापाचे हृदय शेवटी कुठे होते, ते कथाकाराने या एका क्रमात सांगितले आहे.

वाचकांना आणि विशेषतः चर्चमध्ये वाचन करणाऱ्यांना माझी विनंती आहे. उपासनेत दहा वचनेच वाचायची असतील तर ती वाचा, पण घरी बसून पहिल्या अध्यायापासून चौथ्या अध्यायाच्या अठराव्या वचनापर्यंत सलग वाचा, मोठ्याने, शक्य तर घरातल्या मुलांसमोर. अर्धा तासही लागत नाही. आणि पाचारणासाठी प्रार्थना करताना शमुवेलाबरोबर एलीसाठीही प्रार्थना करा: ज्यांच्याकडे मुले रात्री धावत येतात त्या आईबापांसाठी, शिक्षकांसाठी, धर्मगुरूंसाठी.